ब्रिटिश दूरचित्रवाणीची एक शनिवार संध्याकाळ : १५ नोव्हेंबर १९६९

निवृत्त_हाउसमन (धागाकर्ता)

ब्रिटनमध्ये रंगीत दूरचित्रवाणी कधी आली, असे विचारल्यावर १ जुलै १९६७ हे उत्तर मिळते आणि ते बरोबरच आहे. त्या दिवशी बीबीसी टूने विम्बल्डनचे सामने रंगात दाखवले आणि नियमित रंगीत प्रक्षेपणाच्या शर्यतीत पश्चिम जर्मनीला काही आठवड्यांनी मागे टाकले. बीबीसी टूचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड ॲटनबरो यांना युरोपातील पहिलेपणाचा तो मान कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नव्हता. परंतु बीबीसी टू पाहणारे लोक मुळात थोडे. सारा देश ज्या दोन वाहिन्या पाहत असे, त्या बीबीसी वन आणि आयटीव्ही रंगीत झाल्या त्या शनिवार, १५ नोव्हेंबर १९६९ रोजी. मी तेव्हा बर्मिंगहॅमजवळच्या एका गावातील रुग्णालयात हाउसमन, म्हणजे तिथेच राहणारा कनिष्ठ डॉक्टर, होतो आणि योगायोगाने ती संध्याकाळ मला दोन्ही तऱ्हांनी पाहायला मिळाली, आधी कृष्णधवल आणि मग रंगीत. त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आमच्या मेसमधला संच जुना, ४०५ रेषांचा होता, म्हणजे ४०५ आडव्या रेषांनी चित्र उभे करणारा. त्यावर बीबीसी टू लागतच नसे, कारण ती वाहिनी १९६४ साली सुरू झाली तीच ६२५ रेषांवर. तापायला त्याला मिनिटभर लागे. आधी आवाज येई आणि मग कोणीतरी दाराआडून डोकावावे तसे चित्र हळूहळू वर येई. त्या शनिवारी वॉर्डची फेरी आटोपून आम्ही चार-पाच जण त्याच्यासमोर बसलो, तेव्हा ‘स्टार ट्रेक’ लागले होते. ही अमेरिकी मालिका बीबीसी वनने त्याच वर्षी जुलैमध्ये सुरू केली होती. ती मुळात रंगीत फिल्मवर चित्रित झालेली असली, तरी चार महिने आम्ही ती राखाडीच पाहत आलो होतो. त्या दिवशीही राखाडीच पाहिली. फरक एवढाच होता की आता काही मैलांवर कोणाच्या तरी दिवाणखान्यात तोच भाग त्याच क्षणी रंगीत दिसत आहे, हे आम्हाला ठाऊक होते. आमच्यातल्या एका आयरिश डॉक्टराने मोठ्या गांभीर्याने सांगितले की, त्या यानातले लोक वेगवेगळ्या रंगांचे सदरे घालतात आणि रंगावरून कोणाचे खाते कोणते ते कळते. आमच्या दृष्टीने सगळे सदरे एकाच धोब्याकडून आलेले होते.

‘स्टार ट्रेक’ संपल्यावर मी आणि तो आयरिश डॉक्टर आमच्या सर्जनच्या घरी गेलो. त्यांनी रंगीत संच घेतला होता आणि तो दाखवण्यासाठी हाताखालच्या दोघा-चौघांना जेवायला बोलावले होते. त्या काळी मोठ्या पडद्याच्या रंगीत संचाची किंमत तीनशे पौंडांच्या आसपास असे. नवी मिनी मोटार सुमारे सहाशेला मिळत होती, यावरून काय तो अंदाज करावा. संच म्हणजे अक्रोडी रंगाचे, दोन दारांचे एक कपाटच होते. आम्ही कोट उतरवत असताना यजमानीणबाईंना वाटले की कोपऱ्यातल्या खुर्चीवरून नीट दिसणार नाही. म्हणून नवरा-बायकोंनी मिळून ते चालू कपाट चांगले हातभर वळवले. क्षणात पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक जांभळा डाग उमटला. तो रात्रभर गेला नाही. जो कोणी त्या कोपऱ्यात येई त्याचे बूट जांभळे होत.

‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ लागले. ही पोलिसी मालिका १९५५ पासून चालू होती आणि जॉर्ज डिक्सनची भूमिका करणारे जॅक वॉर्नर त्या वेळी ७४ वर्षांचे होते. खऱ्या पोलिसात त्या वयाचा शिपाई कोणी ठेवून घेतला नसता. पण प्रेक्षकांकडे थेट पाहून ते ‘इव्हनिंग ऑल’ म्हणत तेव्हा त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. रंगात मात्र त्यांचा चेहरा भाजलेल्या रताळ्यासारखा दिसत होता. सर्जनसाहेब दर पाच मिनिटांनी उठत आणि रंगछटेची खुंटी फिरवत. त्यांच्या वृद्ध मातोश्री तितक्याच नियमितपणे म्हणत, “आता हिरवा झाला.” मग हॅरी सिकम यांचा गाण्या-विनोदाचा कार्यक्रम झाला आणि रात्री फुटबॉलचे ‘मॅच ऑफ द डे’. ॲनफिल्ड मैदानावरचा लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम यांच्यातला सामना होता. लिव्हरपूलचे लाल सदरे मी त्या दिवसापर्यंत फक्त गडद राखाडी पाहिले होते. ते लाल आहेत हे वर्तमानपत्रात वाचून ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि एकदम अकरा लाल माणसे हिरव्यावर धावताना दिसणे यांत अंतर आहे, हे मला तिथे बसल्या बसल्या समजले. मातोश्रींनी एवढेच विचारले की, नोव्हेंबरमध्ये गवत इतके हिरवे कसे.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगतो. त्या काळाविषयी जे लेख वाचायला मिळतात त्यांत ‘देश रंगात न्हाऊन निघाला’ अशा थाटाची वर्णने असतात. प्रत्यक्षात मार्च १९७० अखेर संपूर्ण ब्रिटनमध्ये रंगीत संचाचे परवाने सुमारे २ लाख ७३ हजार होते आणि कृष्णधवल संचांचे दीड कोटीहून अधिक. म्हणजे रंगीत दूरचित्रवाणीचा पहिला काळ हा बहुतेकांनी कृष्णधवल पाहिलेला काळ आहे. कार्यक्रम रंगात तयार होत होते, कपडेपट आणि नेपथ्य रंगाचा विचार करून ठरत होते, आणि घरोघरी ते सारे राखाडी होऊन उतरत होते. या मंडळावर त्या काळी तिकडे असलेले बरेच सभासद आहेत. आपण त्या वर्षांत काय पाहिले आणि कसे पाहिले, ते लिहावे ही विनंती.

---

फेजउलट

डॉक्टरसाहेब, लेख आवडला. परंतु एक दुरुस्ती सुचवतो, कारण माझे आयुष्य प्रक्षेपण केंद्रांच्या देखभालीत गेले आहे आणि ही चूक वारंवार आढळते. आपले यजमान फिरवत होते ती खुंटी रंगछटेची नसून बहुधा रंगाच्या गडदपणाची असावी. छटा बदलण्याची खुंटी अमेरिकी संचांना लागत असे. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत रंगाची माहिती वाहणाऱ्या लहरीची फेज, म्हणजे तिच्या चढउताराची वेळ, वाटेत थोडी जरी सरकली, तरी छटाच बदलते. त्या आद्याक्षरांचा ‘नेव्हर ट्वाइस द सेम कलर’ असा विस्तार अभियंते करत, तो त्यामुळेच. ब्रिटनने स्वीकारलेली पाल पद्धत जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी विकसित केली. तिच्यात रंगाच्या दोन घटकांपैकी एकाची फेज दर रेषेला उलट केली जाते. संचातल्या काचेच्या एका ठोकळ्यातून ध्वनिलहरीच्या रूपाने आधीच्या रेषेचा रंगसंकेत एका रेषेच्या कालावधीपुरता, म्हणजे ६४ मायक्रोसेकंद, रोखून धरतात आणि चालू रेषेशी त्याची सरासरी काढतात. एका रेषेत छटा जितकी लालकडे झुकते तितकीच पुढच्या रेषेत हिरव्याकडे, आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. शिल्लक राहतो तो किंचित फिकटपणा, आणि तो डोळ्याला सहसा जाणवत नाही.

मग डिक्सनसाहेबांचे रताळे कशाने झाले? उत्तर मानवी स्वभावात आहे. रंगासाठी पैसे मोजलेला माणूस रंगाची खुंटी टोकापर्यंत फिरवतो. दुरुस्तीला जाणारे तंत्रज्ञ ती मागे आणून ठेवत आणि त्यांची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत घरधनी ती पुन्हा पुढे नेत.

आपला जांभळा डाग मात्र शुद्ध पदार्थविज्ञानाचा आहे. संचाच्या चित्रनळीत तीन इलेक्ट्रॉन तोफा असत आणि पडद्यामागे लाखो छिद्रांचा पोलादी पत्रा. प्रत्येक तोफेचा झोत छिद्रांतून नेमक्या आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावा लागे. संचाचे तोंड फिरवले की त्याच्यावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वेगळ्या दिशेने काम करते, पत्रा किंचित चुंबकित होतो आणि झोत शेजारच्या ठिपक्यावर पडू लागतो. नळीभोवती चुंबकत्व घालवणारे वेटोळे असे. पण ते फक्त थंड संच चालू करताना क्षणभर काम करी. यजमानांनी संच बंद करून आम्हा लोकांच्या पद्धतीने दहा-पंधरा मिनिटे चहा घेतला असता आणि मग पुन्हा चालू केला असता, तर बूट काळे झाले असते.

आणखी एक गोष्ट अशी की, १५ नोव्हेंबरला ‘सारा देश’ रंगीत झाला नव्हता. रंग फक्त ६२५ रेषांवर आणि यूएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारितेच्या, लहरींवर होता. यूएचएफची लहर डोंगराआड वळत नाही, त्यामुळे जुन्या केंद्रांपेक्षा कितीतरी जास्त केंद्रे उभारावी लागली. सुरुवात लंडनसाठी क्रिस्टल पॅलेस, मिडलंड्ससाठी सटन कोल्डफील्ड, लँकेशायरसाठी विंटर हिल आणि यॉर्कशायरसाठी एमली मूर अशी झाली. त्यातला एमली मूरचा ३८५ मीटर उंचीचा पोलादी खांब त्याच वर्षी १९ मार्चला बर्फाच्या थरांनी आणि वाऱ्याने कोसळला होता, आणि नोव्हेंबरमधली सेवा तात्पुरत्या खांबावरून चालली. आज तिथे उभा असलेला काँक्रीटचा मनोरा त्यानंतरचा आहे. त्यामुळे आपण त्या संध्याकाळी सटन कोल्डफील्डच्या टप्प्यात होता, हे आपले भाग्य. कॉर्नवॉलमध्ये असता तर सर्जनसाहेबांच्या कपाटातही राखाडीच पाहिले असते.

---

पैशाचे_बोला

दोघांचेही लेखन उत्तम. तिकडे दूरचित्रवाणीचा परवाना काढावा लागे हे ऐकून आहे. रंगीत संचासाठी तो वेगळा होता का, आणि एवढा महाग संच सामान्य माणूस घेई तरी कसा?

---

निवृत्त_हाउसमन

फेजउलट यांची दुरुस्ती शिरसावंद्य. खुंटीवर काय लिहिले होते ते मी पाहिले नव्हते. मी मातोश्रींच्या निदानावर विसंबलो.

परवाना वेगळाच होता. जानेवारी १९६८ पासून रंगीत संचाला नेहमीच्या शुल्कावर ५ पौंडांचा अधिभार लागू झाला. १९६९ साली कृष्णधवल परवाना ६ पौंड आणि रंगीत ११ पौंड होता. राहिला प्रश्न संचाचा. सामान्य माणूस तो विकत घेतच नसे, भाड्याने घेई. प्रत्येक गावाच्या मुख्य रस्त्यावर दूरचित्रवाणी संच भाड्याने देणाऱ्यांची दोन-तीन दुकाने असत. नळी गेली, व्हॉल्व्ह जळला की दुकानदाराचा माणूस येऊन बदलून जाई. इतके नाजूक आणि महाग यंत्र विकत घेऊन त्याची जोखीम आपल्या डोक्यावर घेणे व्यवहारी इंग्रज माणसाला पटत नसे, आणि माझ्या मते ते शहाणपणाचेच होते. रंगीत परवान्यांची संख्या कृष्णधवलच्या पुढे गेली ती १९७६-७७च्या सुमारास. त्यात या भाड्याच्या दुकानांचा वाटा फार मोठा आहे.

---

वेम्ब्लीची_माहेरवाशीण

काका, माझा जन्म १९६३चा आणि बालपण लंडनच्या वेम्ब्लीतले, त्यामुळे आपण ज्याला नवल म्हणता ते आमच्या पिढीला रोजचे होते. फक्त ते शेजारच्या घरात होते. आमच्याकडे भाड्याचा कृष्णधवल संच होता आणि त्याच्या पाठीला नाण्यांची पेटी जोडलेली होती. नाणे टाकले की ठरावीक वेळ संच चाले आणि वेळ भरली की वाक्याच्या मध्यात बंद पडे. बाबा शुक्रवारी नाण्यांची चळत करून मँटेलपीसवर, म्हणजे शेकोटीवरच्या फळीवर, ठेवत आणि ती बसच्या भाड्यासाठी कोणी उचलली तर घरात चौकशी बसे. ठरल्या दिवशी दुकानाचा माणूस येऊन पेटी उघडी, टेबलावर नाणी मोजून भाड्याचे पैसे घेई आणि वर उरलेली परत देई. परत आलेली ती नाणी म्हणजे आई बक्षीसच समजे; ती मुळात आमचीच होती, हे तिला बाबांनी अनेकदा सांगून पाहिले.

रंगाशी माझी पहिली ओळख झाली ती कार्यक्रमातून नव्हे, तर चाचणीच्या स्थिरचित्रातून. कार्यक्रम नसत तेव्हा बीबीसी ते चित्र, मागे संगीत वाजवत, लावून ठेवी. मधोमध वर्तुळात लाल पोशाखातली, केसांना पट्टा बांधलेली एक मुलगी, शेजारी कापडी विदूषक आणि त्यांच्यामध्ये फळ्यावर मांडलेला फुली-गोळ्याचा अर्धवट डाव. जुलै १९६७ पासून ते चित्र वापरात होते. मुलगी म्हणजे कॅरोल हर्सी. तिचे वडील जॉर्ज हर्सी हे बीबीसीचे अभियंते आणि त्या चित्राचे रचनाकार. फळ्यावरची फुली बरोबर पडद्याच्या मध्यबिंदूवर असते, हे मला मोठेपणी कळले. लहानपणी मी शेजाऱ्यांच्या रंगीत संचासमोर बसून ती मुलगी पुढचा गोळा कधी काढते याची वाट पाहत असे. शेजारीणबाईंना वाटे, हिला संगीत आवडते.

रविवारी सकाळी मात्र आमच्याच घरी गर्दी होई. बीबीसीने १९६५ साली भारत-पाकिस्तानातून आलेल्या लोकांसाठी ‘अपना ही घर समझिये’ हा कार्यक्रम सुरू केला होता आणि १९६८ पासून बर्मिंगहॅमहून ‘नई ज़िंदगी नया जीवन’ प्रसारित होऊ लागला. महेंद्र कौल यांचा चेहरा आमच्या घरी नातेवाइकासारखा ओळखीचा होता. भाषा हिंदी-उर्दूच्या मधली. आईला ती अर्धीमुर्धी समजे, पण त्या अर्ध्या तासासाठी ती इस्त्री बाजूला ठेवून, पदर सारखा करून बसे. पाहुण्यांसमोर बसावे तशी.

मला आठवणारी दुसरी गोष्ट म्हणजे अंधार. १९७३च्या डिसेंबरात खाणकामगारांच्या आंदोलनामुळे आणि तेलाच्या टंचाईमुळे वीज वाचवायची म्हणून सरकारने रात्री साडेदहाला दूरचित्रवाणी बंद करायला लावली. ते फेब्रुवारीपर्यंत चालले. साऱ्या वाहिन्या एकदम बंद झाल्या तर सगळा देश एकाच क्षणी उठून चहाची किटली लावील आणि वीजकेंद्रांवर एकदम भार येईल, म्हणून बीबीसी आणि आयटीव्ही यांच्या बंद होण्याच्या वेळांत थोडे अंतर ठेवले होते. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १४ नोव्हेंबरला, राजकन्या ॲन यांचे लग्न झाले होते आणि त्यासाठी आमच्या गल्लीत तीन घरांनी भाड्याचे रंगीत संच आणवले होते. ते संच मग साडेदहा वाजताच झोपी जाऊ लागले.

---

ब्रॅडफर्डकर

या सगळ्या रम्य आठवणींत एक गोष्ट कोणीच लिहिलेली नाही, म्हणून मी लिहितो. त्या काळच्या शनिवार संध्याकाळचा बीबीसीचा सर्वांत लाडका कार्यक्रम होता ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’. गोरे गायक चेहऱ्याला काळे फासून, ओठांभोवती पांढरे रंगवून नाचत-गात असत. १९५८ पासून १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, तो चालला. १९६७ साली वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेने तो बंद करावा म्हणून अर्ज केला होता. बीबीसीने तो मानला नाही. कारखान्यातल्या पाळीवर सोमवारी लोक त्यातली गाणी गुणगुणत आणि माझ्या जमैकन सहकाऱ्याकडे पाहून हसत. काका, आपल्या मेसमध्ये तो लागत नसे का?

---

निवृत्त_हाउसमन

लागत असे. आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मला शोभा देणारे नाही. परिचारिकांना तो आवडे, त्यांतल्या दोघी बार्बाडोसच्या होत्या आणि त्या वेळी त्या दोघी नेमक्या चहा करायला उठत. आम्हा भारतीय डॉक्टरांना ते दिसत होते. आम्ही त्याविषयी बोललो नाही, कारण तो आपला प्रश्न नाही अशी सोयीस्कर समजूत आम्ही करून घेतली होती. नंतर मी तो एकदा रंगीत संचावर पाहिला. कृष्णधवल पडद्यावर ते चेहरे निदान बाकीच्या राखाडीत मिसळून जात; रंगात ते तसे मिसळत नव्हते. वीस वर्षांचा हा हिशेब ‘त्या काळी चालायचे’ एवढ्या वाक्याने मिटवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

---

फितींचा_माणूस

धागा वाचून राहवले नाही. त्या काळातले कितीतरी रंगीत कार्यक्रम आज रंगीत स्वरूपात उरलेलेच नाहीत. स्टुडिओतले कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रित व चित्रमुद्रित होत. ती फीत महाग होती, पुन्हा वापरता येत होती, आणि नटांच्या करारांमुळे कार्यक्रम ठरावीक वेळेपलीकडे पुन्हा दाखवताही येत नसे. त्यामुळे जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा घेणे हा व्यवहारच ठरला. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी पडद्यावरून उतरवलेल्या कृष्णधवल फिल्मच्या प्रती मात्र काही ठिकाणी वाचल्या. म्हणजे डॉक्टरसाहेब ज्याला राखाडी संध्याकाळ म्हणतात, तीच पुष्कळदा इतिहासात शिल्लक राहिली.

याला एक विलक्षण जोड आहे. फिल्म उतरवताना रंगसंकेत गाळून टाकायला हवा होता, पण काही वेळा तो तसाच राहून गेला, आणि चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटली. ती जाळी म्हणजे रंगाची माहितीच होती; ती वाचायची कशी, एवढाच प्रश्न होता. पुढे संगणकाच्या साहाय्याने काही जाणकारांनी ते साधले आणि २००८ साली ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचा १९६९चा ‘रूम ॲट द बॉटम’ हा भाग, ज्याची केवळ कृष्णधवल फिल्म उरली होती, पुन्हा रंगात दाखवला गेला. कोणी हाताने रंगवला नव्हता. मूळचाच रंग त्या ठिपक्यांत चाळीस वर्षे पडून होता.

आणखी एक, आपण सर्वांनी पाहिले असेल पण लिहिले नाही. पात्र स्टुडिओतल्या खोलीत असेपर्यंत चित्र लख्ख आणि गुळगुळीत. ते दार उघडून बाहेर पडले की एकदम दाणेदार, मऊ आणि जरा उदास. आतले चित्रीकरण इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने, बाहेरचे फिल्मवर, त्यामुळे हा प्रकार होई. ब्रिटिश मालिकांत उंबरठा ओलांडला की हवामान बदले.

---

फेजउलट

फितीवरून आठवले, म्हणून थोडक्यात लिहितो. रंगीत कॅमेऱ्यांवर काम करण्यासाठी जास्त वेतन हवे म्हणून आयटीव्हीच्या तंत्रज्ञांनी नोव्हेंबर १९७० ते फेब्रुवारी १९७१ या काळात रंगावर बहिष्कार टाकला होता. कार्यक्रम बंद पडले नाहीत; फक्त रंग बंद झाला. ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ या मालिकेचे सुरुवातीचे भाग त्यामुळे कृष्णधवल चित्रित झाले. अधिभार भरून रंगीत परवाना काढलेल्यांनी ते तीन महिने काय म्हटले असेल, त्याची कल्पना करावी.

याच्या उलट उदाहरण स्नूकरचे आहे. जुलै १९६९मध्ये बीबीसी टूने ‘पॉट ब्लॅक’ सुरू केले, कारण रंगाशिवाय ज्याला अर्थच नाही आणि ज्यावर खर्चही फारसा होत नाही असा खेळ त्यांना हवा होता. एक टेबल, दोन खेळाडू आणि रंगीत चेंडू. समालोचक टेड लो यांनी एकदा कृष्णधवल संच असलेल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी सांगितले की, गुलाबी चेंडू हिरव्याच्या शेजारी आहे. लोक त्यांना हसतात. डॉक्टरसाहेबांनी दिलेली परवान्यांची आकडेवारी पाहिल्यावर मला वाटते, ते वाक्य बहुसंख्य प्रेक्षकांना उद्देशून होते आणि त्यामागचा हेतू अगदी योग्य होता.

---

परत_दादरला

विषय ब्रिटनचा आहे, तरी तिथल्याच संचाची ही पुढची गोष्ट असल्याने लिहिण्याची परवानगी घेतो. आम्ही १९८३ साली कायमचे परत आलो. आदल्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले होते आणि त्यांनीही पाल पद्धतच स्वीकारली आहे, हे वाचून मी आमचा तिकडचा रंगीत संच पेटीत भरून बोटीने मागवला. कस्टमचे सोपस्कार, हमाली, तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना हे सगळे पार पाडून तो दादरच्या घरात मांडला. शेजारीपाजारी जमले. आईने संचाला हळदकुंकू लावले. मी बटण दाबले, तर पडद्यावर नुसता मुंग्यांचा पाऊस. वरळीचा मनोरा गच्चीतून दिसत होता. पण दूरदर्शनचे प्रक्षेपण यूएचएफहून कमी वारंवारितेच्या व्हीएचएफ लहरींवर आणि आमच्या संचात केवळ यूएचएफचा ट्यूनर. दुरुस्तीवाल्याने ट्यूनर बदलून दिला, तेव्हा चित्र आले, रंगही सुरेख आले, पण आवाज येईना. चित्र आणि आवाज यांच्या लहरींमधले अंतर ब्रिटनमध्ये ६ मेगाहर्ट्झ आणि आपल्याकडे साडेपाच, हे त्याला आणि मला एकदमच समजले. आवाजाचा भाग जुळवून मिळेपर्यंतचे पंधरा दिवस आमच्याकडे छायागीत मूकपट म्हणून पाहिले जाई, आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला त्यांच्या संचाचा आवाज मोठा ठेवण्याची विनंती केलेली असे.

---

फेजउलट

हे वाचून मनापासून वाईट वाटले आणि तितकेच हसूही आले. त्या दुरुस्तीवाल्याने पंधरा दिवसांत ते जमवले असेल, तर तो गुणी माणूस होता.

---

वेम्ब्लीची_माहेरवाशीण

काका, शेवटचे एक विचारते. रात्री बीबीसी वन बंद होताना राष्ट्रगीत वाजे, मग निवेदक संच बंद करायला विसरू नका म्हणून बजावत आणि जो झोपला असेल त्याच्यासाठी कर्कश शिट्टी वाजे. आमच्या घरी राष्ट्रगीताला उभे राहायचे की नाही यावर दरवेळी चर्चा होई. त्या पहिल्या रंगीत संध्याकाळी सर्जनसाहेबांच्या घरी लोक उभे राहिले का?

---

निवृत्त_हाउसमन

तिथवर आम्ही थांबलो नाही. ‘मॅच ऑफ द डे’ संपताच सर्जनसाहेबांनी संच बंद केला, कारण नळीचे आयुष्य तासांत मोजतात असे त्यांना दुकानात सांगितले होते. पडदा काळा झाला आणि मधोमध एक ठिपका बराच वेळ विझत राहिला. मातोश्रींनी तोही पाहून घेतला.

आम्ही दोघे रुग्णालयाकडे चालत निघालो. एकाला लागून एक अशा विटांच्या घरांची ती गल्ली होती, पडदे ओढलेले, आणि जवळजवळ प्रत्येक पडद्याआडून निळसर राखाडी उजेड एकाच वेळी लुकलुकत होता, कारण सगळे बहुधा तेच पाहत होते. रंगीत उजेडाची एखादी तरी खिडकी दिसते का, म्हणून आयरिश डॉक्टर मोजत चालला होता. रुग्णालयाच्या फाटकापर्यंत त्याला एकही सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला वडिलांना निळ्या एरोग्रामवर हे सगळे लिहिले. त्या वेळी भारतात दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती आणि वडिलांनी ती कधी पाहिली नव्हती, त्यामुळे मी पान भरून वर्णन केले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. घरची खुशाली, पाऊस, धाकट्या बहिणीचे स्थळ, आणि शेवटी कडेला उभ्या ओळीत एक प्रश्न होता : रंगाचे वेगळे पैसे घेतात काय?